वर्गात बातमी कशी शिकवावी: नागपूरच्या शिक्षकांसाठी पायऱ्या, साहित्य आणि खाचखळगे

परिपाठात रोज बातम्या वाचल्या जातात. वहीत उतरवून आणलेले पाच मथळे एक मूल वाचतं, पुढे सुविचार होतो, रांगा वर्गात जातात. त्या मथळ्यांमागे कोण होतं, कोणी कोणाला फोन केला, कोणाचं म्हणणं छापायचं राहिलं, हे विचारायची पद्धत आपल्याकडे नाही. नागरिकशास्त्राच्या पेपरात मात्र 'वृत्तपत्रे लोकशाहीचा चौथा स्तंभ आहेत' या वाक्याला गुण मिळतात.

मी आठवी-नववीला मराठी आणि समाजशास्त्र शिकवते. बातमीवरचे तास घ्यायला लागले तेव्हा कुठून सुरुवात करायची हे सांगणारं कोणी नव्हतं. नव्याने घेणाऱ्यांची तेवढी धावपळ वाचावी म्हणून हे लिहिते आहे. माझा आग्रह एकच: पत्रकारितेचं महत्त्व समजावून सांगायला जाऊ नका. मुलांना एक साधं वाक्य सिद्ध करायला लावा. त्यात किती पायपीट आहे हे कळलं की महत्त्व त्यांचं त्यांना दिसतं.

सहा ते आठ तासिका पुरतात. पाचवी पायरी सोडू नका, बाकीच्या सोयीनुसार पुढेमागे करा.

आधी जमवायचं साहित्य आणि कागद

- एकाच तारखेचे तीन-चार पेपर: दोन मराठी, एक हिंदी, जमल्यास एक इंग्रजी. नागपुरात निम्म्या घरांत हिंदी पेपर येतो, तेव्हा तो वगळू नका.
- रद्दीतले जुने अंक, कात्री, डिंक, दोन रंगांचे स्केचपेन, कार्डशीट.
- संगणक कक्षातला नेट असलेला एक संगणक. मुलांना मोबाइल आणायला सांगू नका, मुख्याध्यापक आणि पालक दोघंही चिडतील.
- मुख्याध्यापकांची लेखी परवानगी. 'उपक्रम' हा शब्द घातला की ती लवकर मिळते.
- मुलं शाळेबाहेर जाणार असतील किंवा त्यांचे फोटो लावणार असाल तर पालकांचं संमतिपत्र.
- पाहुणा पत्रकार बोलावणार असाल किंवा छापखाना पाहायला जाणार असाल तर शाळेच्या लेटरहेडवर विनंतीपत्र, मुलांची संख्या आणि सोबतच्या शिक्षकांची नावं घालून.

१. सुट्टीच्या मेसेजपासून सुरुवात करा

जुलै-ऑगस्टमध्ये दोन दिवस पाऊस लागला की पालकांच्या ग्रुपवर 'उद्या शाळांना सुट्टी, जिल्हाधिकाऱ्यांचे आदेश' असा कागदाचा फोटो येतो. कधी तो खरा असतो. कधी मागच्या वर्षीचा असतो, तर कधी गडचिरोली किंवा भंडाऱ्याचा. मुलांना या विषयात जेवढा रस असतो तेवढा कुठल्याही अग्रलेखात नसतो.

असा एक जुना खरा आदेश छापून प्रत्येक गटाला द्या आणि शोधायला सांगा: तारीख कुठे आहे, जावक क्रमांक आहे का, सही कोणाची, आदेश कोणत्या जिल्ह्यासाठी, कोणत्या इयत्तांसाठी. मग विचारा, याची खात्री करायला कोणाला फोन कराल? 'मॅडम, तुम्हालेच करू नं!' असं उत्तर येणारच. येऊ द्या. आणि मॅडमना कुठून कळतं, हे पुढे विचारा. शाळा, शिक्षणाधिकारी, जिल्हाधिकारी कार्यालय, अशी साखळी फळ्यावर उलटी काढत जा. ती मुळापर्यंत पोहोचली की सांगा, बातमीदार रोज हेच करतो. फक्त तो रांगेच्या शेवटी थांबत नाही, पुढे जाऊन विचारतो.

व्हॉट्सअ‍ॅपवरच्या दोन बाणांच्या खुणेचा अर्थ याच तासाला सांगून टाका. तो मेसेज किमान पाच हातांतून फिरून आलाय, एवढंच ती खूण सांगते. खरं-खोटं तिला माहीत नसतं.

२. ५६ अंशांची गोष्ट

नागपूरच्या शिक्षकाला यापेक्षा चांगलं उदाहरण मिळणार नाही, म्हणून यासाठी पूर्ण तास ठेवा.

मे २०२४ च्या अखेरीस नागपूरचं तापमान ५६ अंशांवर गेल्याची बातमी देशभर पसरली. आकडा कोणी मनाने रचलेला नव्हता. हवामान खात्याच्या रामदासपेठ भागातल्या स्वयंचलित केंद्राने तो खरोखर नोंदवला होता. सोनेगावच्या अशाच केंद्राने ५४ दाखवले. त्याच दिवशी खापरी आणि रामटेकच्या केंद्रांवर मात्र ४४ च्या आसपास होतं.

इथे थांबा आणि वर्गाला विचारा: तुम्ही बातमीदार आहात, पडद्यावर ५६ दिसतंय. छापाल का?

बरीच मुलं हो म्हणतात, कारण आकडा सरकारी आहे. मग एकेक प्रश्न टाका. भारतातला विक्रम किती? राजस्थानात फलोदीला १९ मे २०१६ रोजी ५१ अंश. जगातला? कॅलिफोर्नियाच्या डेथ व्हॅलीत १० जुलै १९१३ रोजी ५६.७. म्हणजे नागपूरने एका दुपारी देशाचा विक्रम पाच अंशांनी मोडला आणि जगाच्या विक्रमाला हात लावायचा तेवढा राहिला. दहा-पंधरा किलोमीटरवर खापरीत ४४ असताना हे कसं? एवढं विचारेपर्यंत मागच्या बाकावरून 'मशीन बिघडली असन' असं येतं. नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा खुलासाही तोच होता: स्वयंचलित केंद्रातल्या इलेक्ट्रॉनिक सेन्सरने त्या उन्हात चुकीचे आकडे दिले.

याला जोडून तापमान कसं मोजतात तेही सांगा. तापमापी सावलीत, हवा खेळती राहील अशा पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून उंचावर ठेवतात. वडिलांच्या गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा मोबाइलच्या अ‍ॅपवर दुपारी काय दिसतं आणि ते का वेगळं असतं, यावर मुलं आपणहून बोलतात.

या तासातून दोन गोष्टी वहीत उतरायला हव्यात. स्रोत खरा असला तरी माहिती चुकू शकते, म्हणून ती जवळच्या दुसऱ्या माहितीशी ताडून पाहायची. आणि ज्याला त्यातलं कळतं त्याला विचारायचं. ५६ चा आकडा मोबाइलवर सगळ्यांनाच दिसला होता, पण हवामान केंद्राला विचारून खुलासा छापण्याचं काम पत्रकारांचं होतं आणि ते त्यांनी केलं. आकडा आधी छापून मोकळे झालेलेही पत्रकारच होते, हेही सांगा. लपवू नका.

३. पेपर उघडून त्याचे अवयव ओळखा

गटाला एक अंक आणि दोन रंगांचे पेन द्या. बातमीला एक रंग, मताला दुसरा. जाहिरातीवर फुली.

शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात मुद्रक, प्रकाशक, संपादक आणि छापखान्याचा पत्ता असतो. बऱ्याच अंकांत 'वृत्त निवडीसाठी पीआरबी कायद्यानुसार जबाबदार' असंही सापडेल. तो वृत्तपत्रं आणि पुस्तकांच्या नोंदणीचा १८६७ चा कायदा. त्याच्या जागी आता २०२३ चा नवा कायदा आला आहे. मुलांना कलमं सांगत बसू नका. चुकलं तर कोणाला पकडायचं त्याचं नाव इथे छापलेलं आहे, आणि फॉरवर्डच्या खाली असं नाव शोधून दाखवा, एवढं म्हटलं की पुरे.

मग बातमीचं डोकं पाहा: 'प्रतिनिधी', 'वृत्तसेवा', 'पीटीआय' किंवा बातमीदाराचं नाव. प्रतिनिधी म्हणजे त्या पेपरचा माणूस, पीटीआय म्हणजे अनेक पेपरांना बातम्या पुरवणारी संस्था. कोणा मुलाची आजी काटोलला किंवा उमरेडला राहत असेल तर तिथला त्याच तारखेचा अंक मागवा. बाहेरगावी जाणारी डाक आवृत्ती आधी छापून निघते, त्यामुळे पहिलं पान वेगळं निघू शकतं.

बातमी आणि मत यातला फरक व्याख्येने समजत नाही. नागपुरात त्यासाठी मारबत आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळ्या-पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, सोबत बडगे, म्हणजे टोमणे मारणारे पुतळे. महागाईचा बडग्या, खड्ड्यांचा बडग्या, एखाद्या नेत्याचा बडग्या. 'घेऊन जा गे मारबत' ही आरोळी मुलांना पाठ असते. बडग्या म्हणजे मत: झोंबणारं, गमतीचं आणि कधीकधी अगदी बरोबर. पण खड्डे किती, कोणत्या रस्त्यावर, काम कोणाला दिलं होतं, बिल किती निघालं, हे बडग्या सांगत नाही. ते बातमीला सांगावं लागतं. आता अग्रलेखाचं पान उघडा आणि त्यातले बडगे शोधायला सांगा. वर्गात दंगा होतो, होऊ द्या.

जाहिरातीवर फुली मारताना एक खाच आहे. काही मजकूर बातमीसारखा दिसतो, पण कोपऱ्यात 'जाहिरात' किंवा 'प्रायोजित' असं बारीक लिहिलेलं असतं. कोचिंग क्लासचे आणि बिल्डरांचे असे मजकूर हमखास सापडतात. तसं न लिहिताच पैसे घेऊन छापलं तर ती पेड न्यूज. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रात यावरून मोठा गदारोळ झाला होता.

४. एक बातमी, तीन पेपर

एकच घटना तीन पेपरांतून कापून शेजारी चिकटवायची. मथळा, पहिलं वाक्य, आकडा आणि कोणाचं म्हणणं आलंय, एवढंच ताडायचं.

डिसेंबरमधलं हिवाळी अधिवेशन यासाठी सोन्यासारखं. मोर्चा निघतो, आयोजक एक आकडा सांगतात, पोलिसांचा वेगळाच असतो. नीट लिहिलेल्या बातमीत 'आयोजकांच्या म्हणण्यानुसार' किंवा 'पोलिसांच्या अंदाजानुसार' असं येतं, कच्च्या बातमीत नुसता आकडा. हे दोन-तीन शब्द मुलांना ओळखता आले तर हा तास सार्थकी लागला. मोर्च्याच्या मागण्या बरोबर की चूक, या चर्चेत वर्गाला शिरू देऊ नका. तो विषय वेगळा आहे आणि संध्याकाळी पालकांचे फोन येतील ते वेगळेच.

५. वर्गाची स्वतःची बातमी

दीडशे शब्दांची एक बातमी, विषय शाळेच्या परिसरातला. मुलांना 'शहरातील प्रदूषण' असलं काही सुचतं. नाही म्हणा. मोजता येईल असं हवं: शाळेजवळच्या थांब्यावर सकाळची 'आपली बस' वेळेवर येते का, नळाला पाणी किती वाजेपर्यंत असतं, पोषण आहारात आठवड्यातून किती दिवस तोच पदार्थ येतो.

समजा बस घेतली. पहिल्या मसुद्यात हमखास हे वाक्य येतं: 'बस नेहमी उशिरा येते, त्यामुळे विद्यार्थ्यांचे प्रचंड हाल होतात.' ते फळ्यावर लिहा आणि शेजारी चार रकाने आखा:

- कोण म्हणतं?
- त्याला कसं माहीत? स्वतः पाहिलं की ऐकलं?
- दुसरं कोण याला दुजोरा देतं?
- ज्याच्यावर ठपका येतो त्याला विचारलं का?

'नेहमी' या एका शब्दासाठी दोन मुलांना आठवडाभर वही-घड्याळ घेऊन थांब्यावर उभं राहावं लागतं. 'प्रचंड हाल' कोणी मोजले? मग एखादी मुलगी सांगते की तिचा पहिला तास बुडतो. तिला किती वेळा बुडाला ते विचारा, आणि हजेरीपटात पाहा. चालक-वाहकाशी बोला. महापालिकेच्या परिवहन विभागाला शाळेतर्फे पत्र किंवा फोन करा. उत्तर आलं नाही तर 'विचारणा केली, उत्तर मिळाले नाही' असंच लिहायचं. त्यांनी उत्तर टाळलं, असं आपल्या मनाने लिहायचं नाही.

शेवटी वाक्य असं होतं: 'सोमवार ते शनिवार या सहा दिवसांत सकाळची बस चार दिवस दहा मिनिटांहून जास्त उशिरा आली.' मुलं हिरमुसतात, पहिलं वाक्य जास्त खणखणीत होतं म्हणून. कोणतं वाक्य घेऊन परिवहन अधिकाऱ्याकडे जाता येईल, ते त्यांनाच विचारा. माझ्या मते या उपक्रमाचा सगळा कस या एका प्रश्नात आहे.

इथले खळगे: लहान मुलाचं नाव किंवा फोटो बातमीत घालू नका. कॅन्टीनवाले काका, सफाई करणाऱ्या मावशी यांच्यावर बोट रोखणारी बातमी आधी तुम्ही स्वतः तपासा. गरीब माणसावर चिडणं सोपं असतं. आणि बातमी शाळेवरच टीका करणारी निघाली तर भित्तिपत्रकावर लावण्याआधी मुख्याध्यापकांना दाखवून त्यांचं म्हणणं त्यात घाला. हे दडपणं झालं, असं मुलांना वाटेल. दुसरी बाजू घेणं वेगळं आणि बातमी काढून टाकणं वेगळं, हे समजवायला तीच वेळ बरी असते.

६. बातमीदार नसता तर?

आता, पाचव्या पायरीनंतरच, मूळ प्रश्नाकडे या.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात चार तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, माणसं दगावली. तुमच्या वर्गातही त्या रात्रीच्या आठवणी असतील. त्या सकाळी आपल्याला काय काय कळायला हवं होतं, याची यादी मुलांकडून करून घ्या: कुठला रस्ता बंद, कोण अडकलंय, शाळा आहे का. मग महिन्याभराने काय कळायला हवं होतं त्याची यादी: पंचनामे झाले का, मदत कोणाला मिळाली, पाणी का तुंबलं. पहिल्या यादीतलं बरंचसं शेजाऱ्यांच्या ग्रुपवर मिळून गेलं असेल. दुसऱ्या यादीसाठी कोणालातरी पुन्हापुन्हा महापालिकेत जावं लागतं, कागद वाचावे लागतात. सांडव्यासमोरचं स्मारक पाण्याच्या वाटेत येतं का, हा वाद पुढे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेला. तिथे काय चाललंय हे खंडपीठाच्या बाहेरच्या नागपूरकराला पेपरातूनच कळत राहिलं.

दुसरं उदाहरण जड आहे, नववीच्या खाली घेऊ नका. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, साक्री तालुक्यात, भिक्षा मागून पोट भरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा होती. त्या काळात देशभर अशा चित्रफिती फिरत होत्या. त्यातली एक तर मुळात कराचीतल्या बालसुरक्षा मोहिमेची होती, उलगडा करणारा शेवट कापून टाकलेली. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा घातली. घटनेचे व्हिडिओ दाखवू नका, शोधायलाही सांगू नका. नुसतं सांगा आणि मुलांना बोलू द्या.

वेळ उरला तर 'मूकनायक'. दीक्षाभूमी आपल्या मुलांना ठाऊक असते, पण बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी पाक्षिक सुरू केलं हे बहुतेकांना नसतं. त्या वेळी पेपर होतेच की, मग वेगळा का काढावा लागला? पेपरात काय आलं यासोबत कोणाचं आलंच नाही हेही पाहायचं असतं, हे इथून निघतं. आजच्या अंकात आपल्या वस्तीचं नाव शोधायला लावा, आणि सापडलं तर कशासाठी आलंय तेही.

७. बातमीदाराला वर्गात बोलवा

संपादकापेक्षा शिक्षण किंवा महापालिकेचं बीट, म्हणजे नेमून दिलेलं क्षेत्र, सांभाळणारा बातमीदार बोलवा. संपादक भाषण करतात. धंतोलीच्या टिळक पत्रकार भवनात चौकशी केली किंवा पेपरच्या कचेरीत पत्र दिलं की माणूस मिळतो. सकाळची वेळ द्या, दुपारनंतर त्यांची धावपळ सुरू होते. डिसेंबरात विचारूच नका, अधिवेशनात त्यांना जेवायला फुरसत नसते.

मुलांचे प्रश्न आधी लिहून घ्या. 'तुम्हाला धमक्या येतात का?' हा येतोच. त्यासोबत हेही असू द्या: छापता छापता थांबवलेली बातमी कोणती? चूक छापली तर काय करता? जाहिरातदाराविरुद्धची बातमी येते का? शेवटच्या प्रश्नावर पाहुणे जरा थांबतात. त्यांना उत्तर शोधायला वेळ द्या, मध्ये पडून सावरून घेऊ नका.

८. चूक दिसली तर

जुन्या अंकांत 'शुद्धिपत्र' किंवा 'खुलासा' शोधा, बहुधा आतल्या पानावर चौकटीत असतो. बातमीत तथ्याची चूक सापडली तर वर्गाने संपादकांना पत्र लिहावं: तारीख, पान, चुकीचं वाक्य, बरोबर माहिती आणि तिचा पुरावा. शिवीगाळ नको, उपदेश तर मुळीच नको. पत्र छापून आलं तर मुलं वर्षभर सांगत फिरतात. संपादकांनी दाद दिली नाही तर वृत्तपत्रांविरुद्धच्या तक्रारीसाठी भारतीय प्रेस परिषद आहे. टीव्ही वाहिन्या तिच्या कक्षेत येत नाहीत. केंद्र सरकारविषयीच्या मेसेजसाठी पीआयबीचा (पत्र सूचना कार्यालयाचा) फॅक्ट चेक विभाग आहे, पण तो सरकारचाच विभाग आहे हेही मुलांना ठाऊक असावं. जुना फोटो नवा म्हणून फिरत असेल तर संगणकावर गूगल लेन्समध्ये टाकून तो आधी कधी आला होता ते पाहायला शिकवा.

हमखास येणाऱ्या अडचणी

*'सगळेच विकले गेलेत, मॅडम.'* तिसऱ्या-चौथ्या तासाला हे येतं आणि खोट्या मेसेजपेक्षा मला याचीच धास्ती जास्त. चुका शोधायला शिकवताना आपणच कशावरच विश्वास न ठेवणारी मुलं तयार करू शकतो. अशा वेळी वाद घालू नका. विचारा: जामठ्याच्या मॅचचा स्कोअर कुठून कळला? दहावीच्या निकालाची तारीख? तो खरा निघाला ना? कोणाची माहिती किती वेळा खरी निघते याची नोंद महिनाभर ठेवायला लावा. विश्वासही तपासूनच ठेवायचा असतो.

*घरची भांडणं.* मूल घरी जाऊन आजोबांना 'तुमचा मेसेज फेक आहे' म्हणतं आणि दुसऱ्या दिवशी आई शाळेत. वर्गात सराव करून घ्या: 'आजोबा, हे कुठून आलं? मला शाळेत विचारायचंय.' ग्रुपवर सगळ्यांसमोर नाही, त्यांच्या शेजारी बसून. वर्गातही कोणाच्या घरून आलेला मेसेज नावानिशी दाखवू नका.

*आपला आवडता पेपर.* तुमच्या घरी कोणता येतो हे मुलांना कळता कामा नये. त्याच पेपरातली एक ढिली बातमी मुद्दाम तपासायला घ्या.

*गुण.* निबंध घेऊ नका, 'वृत्तपत्रांचे महत्त्व' गाइडमधून उतरवून येईल. पाचव्या पायरीचा चार रकान्यांचा तक्ता तपासा.

कधी घ्यावं

विदर्भातल्या शाळा जूनअखेर उघडतात. पहिली पायरी पावसाळ्यात, तिसरी मारबतीच्या आठवड्यात ठेवा. भित्तिपत्रक १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाला लागलं तर वेगळा कार्यक्रम करावा लागत नाही. पाहुण्यांसाठी १६ नोव्हेंबर हा राष्ट्रीय पत्रकारिता दिन सोयीचा. ६ जानेवारीला, बाळशास्त्री जांभेकरांच्या १८३२ च्या 'दर्पण'च्या दिवशी, पत्रकार स्वतःच्याच सत्कारांत अडकलेले असतात. चौथी पायरी अधिवेशनात होते. जानेवारीनंतर काही शिल्लक ठेवू नका. दहावीची परीक्षा आली की वर्गखोल्या मिळत नाहीत.